वस्तू उलटी करून बघा: मराठवाड्यातल्या हातच्या वस्तू कशा पारखून घ्यायच्या

दुकानात किंवा जत्रेत वस्तू नेहमी देखण्या बाजूनं मांडलेली असते. पैठणीचा पदर वर, घोंगडीची घडी नीट, माठाचा रंगवलेला गळा गिऱ्हाइकाकडे. पारख करायची ती मात्र दुसऱ्या बाजूनं: साडीची पाठ, टोपलीचं बूड, गोधडीचे आतले थर, माठाचं पोट. करणाऱ्यानं कुठे जीव ओतला आणि कुठे हात आखडला, हे तिथे लपत नाही. पैठणी, घोंगडी आणि माठ घेताना फसगत सगळ्यात जास्त होते, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. बाकीच्या वस्तूंचं जरुरीपुरतं.

निघण्याआधी

पिशवीत मोजपट्टी, पांढरा सुती रुमाल, पाण्याची बाटली, काडेपेटी आणि एक लहान लोहचुंबक टाका. मोबाइलची बॅटरी सोबत असतेच. रुमाल ओला करून रंग जातो का ते बघायचं, काडेपेटी धाग्याच्या परीक्षेला, बॅटरी माठाच्या पोटात डोकावायला. धागा जाळून बघायचा असेल तर आधी विचारा. खरा विणकर दशांतला, म्हणजे टोकाशी मोकळ्या सोडलेल्या धाग्यांतला, एखादा धागा स्वतःच तोडून देतो.

घरची मापं लिहून न्या. पलंगाची लांबी-रुंदी, माठ ठेवायचा कोपरा, सुपात एका वेळी किती धान्य पाखडायचं ते. अंदाजानं घेतलेली गोधडी पायाशी वीतभर कमी पडते आणि मग ती वापरलीच जात नाही.

वेळही महत्त्वाची. माठ महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत घ्यावा, तेव्हा कुंभाराकडे निवडीला भरपूर माल असतो. एप्रिलच्या कडक उन्हात गेलात तर उरलेल्यातून उचलावं लागतं. सुपं आणि दुरड्या लग्नसराईत आणि महालक्ष्म्यांच्या आधी ताज्या मिळतात. घोंगडीला थंडीची चाहूल लागल्यावर मागणी वाढते, तेव्हा दिवाळीआधीच सांगून ठेवा. लग्नासाठी हातमागाची पैठणी हवी असेल तर निदान चार-सहा महिने हातात ठेवा. पदर जितका भरगच्च तितका वेळ वाढतो आणि घाई केली की विणकर तयार माल पुढे करतो, मग रंग-काठ तुमच्या मनाचे राहत नाहीत.

पैठणी: पदर उलटा, मग बोला

पैठणला राज्याच्या लघुउद्योग विकास महामंडळाचं विणकाम केंद्र आहे. तिथे माग चालताना बघता येतो. खरेदी कुठेही करा, पण आधी एकदा माग बघून या. अर्धा तास मागाशेजारी उभं राहिलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या लहान कांडीवर असतो. पोपटाचा हिरवा धागा पोपटाच्या कडेपर्यंतच जातो. तिथे शेजारच्या जरीच्या बाण्यात अडकतो आणि परत फिरतो. म्हणून पदर पालथा केला तरी पोपट तसाच दिसतो, तेवढाच स्वच्छ. चोचीची लाल टिकली जिथे संपते तिथे पाठीमागून बोट फिरवा. लोंबणारा धागा लागत नाही, कातरलेल्या धाग्याची कूसही लागत नाही. पाठीवर एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत धागे आडवे पळालेले असतील, किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा असतील, तर ते काम वेगळ्या पद्धतीचं आहे. मागे जाळी किंवा अस्तर लावलेलं असेल तर ते कशासाठी लावलंय ते विचारा.

बाजारात ‘ब्रोकेड पैठणी’ नावानं जे मिळतं, त्याच्या पाठीला हे पळते धागे असतात. ती वाईट साडी नव्हे, काही हातमागावरही विणतात. पण तिला लागणारा वेळ फार कमी असतो, म्हणून तिची किंमतही कमीच असायला हवी. ‘सेमी पैठणी’ ही बहुतेक यंत्रमागाची. रोजच्या समारंभाला ती घ्या, पण हातमागाच्या पैठणीचे पैसे देऊन घेऊ नका.

पदरानंतर काठ. नारळी आणि मुनिया हे काठ सगळ्यांच्या तोंडी असतात, विचारायचं ते ‘कडियल की एकधोटी?’ कडियल काठाच्या साडीत दोन्ही काठांसाठी आणि मधल्या अंगासाठी बाणा इकडून तिकडे नेणारे वेगवेगळे धोटे चालतात. काठाचा ताणा (उभा धागा) आणि बाणा एकाच रंगाचा असल्यानं काठ स्वच्छ, एकरंगी दिसतो आणि अंगाचा रंग त्यात मिसळत नाही. एकधोटीत एकच धोटा अख्ख्या रुंदीतून जातो. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, म्हणून कापड हलवलं की धूपछाव दिसते. अशा साडीवर बहुधा नारळी काठ आणि पैसा किंवा वाटाणा अशी साधी बुट्टी असते. कडियलला कष्ट जास्त, किंमत जास्त. काठ जिथे अंगाला मिळतो ती रेघ उजेडासमोर धरा. सांधा सुटलेला असेल तर बारीक फट दिसते. ही फट पुढे नेसताना वाढत जाते. अशी साडी सवलतीतसुद्धा घेऊ नका.

हातमागावर पन्हा ताणून धरायला कापडावर आडवी काठी लावतात. तिच्या टोकांच्या सुयांची बारीक छिद्रं साडीच्या दोन्ही कडांना, ठरावीक अंतरानं दिसतात. ही चांगली खूण, पण एवढ्या एका खुणेवर भरवसा ठेवू नका. पदराची पाठ हाच मुख्य पुरावा.

आता रेशीम. दशांतला एक धागा काडीच्या ज्योतीला लावा. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की विझतं आणि मागे राहिलेली काळी राख चिमटीत चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. ‘आर्ट सिल्क’ या शब्दाला बरेच जण भुलतात. त्याचा अर्थ कलेचं रेशीम असा नाही, कृत्रिम रेशीम असा आहे. त्यातलं व्हिस्कोस जाळलं तर कागद जळाल्याचा वास येतो. ताणा आणि बाणा दोन्हींचे धागे तपासा, कारण एक रेशमी आणि एक मिसळीचा असाही माल असतो. मध्यवर्ती रेशीम मंडळाच्या पुढाकारानं चालणारं ‘सिल्क मार्क’ फक्त रेशीम खरं असल्याचं सांगतं, साडी हातमागाची असल्याचं नाही. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळं असतं. दोन्ही लेबलं हवीत, आणि तीही साडीला शिवलेली किंवा टाचलेली, दुकानाच्या फळीवर चिकटवलेली नव्हेत. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, त्याबद्दलही विचारा.

जरीत चार-पाच दर्जे चालतात. अस्सल जरीत चांदीची चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा असतो. ‘टेस्टेड’ जरीत तार तांब्याची, वर चांदीचा थर. सगळ्यात स्वस्त जरी म्हणजे चमकदार प्लॅस्टिकची पट्टी. सुटा धागा नखानं खरवडा. लालसर चमक आली तर आत तांबं आहे. ज्योतीला धरून वितळली तर प्लॅस्टिक. आज बहुतेक पैठण्यांत टेस्टेड जरीच असते आणि त्यात गैर काही नाही, फक्त बिलावर ‘टेस्टेड जरी’ असं लिहून घ्या. चांदीच्या जरीचे पैसे घेऊन तांब्याची दिली, ही तक्रार दोन-तीन वर्षांनी काठ काळवंडला की सुरू होते आणि तोवर बिलावर ‘पैठणी साडी १ नग’ एवढंच लिहिलेलं असतं.

हाताच्या कामात दोन मोर हुबेहूब सारखे नसतात. एकाच्या पिसाऱ्यात एखादी रेघ कमी-जास्त असते, ते दोषात धरू नका. दोष हे: अंगातून लांबीभर गेलेली तुटक्या ताण्याची रेघ, पदरात उजेड दिसणाऱ्या चिरा, मागाच्या तेलाचा डाग. साडी उन्हात पूर्ण उलगडून लांबीभर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली अंजिरी आणि वांगी रंग सारखेच दिसतात.

घरी आणल्यावर मलमलीच्या कापडात गुंडाळून ठेवा. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीच्या रेघेवर जर तुटते. अत्तर साडीवर कधी फवारू नका. जरी काळी पडायला तेवढं पुरतं.

हिमरूची पाठ वेगळी असते

पैठणी बघून आलेला माणूस संभाजीनगरात हिमरूची शाल उलटी करतो, मागे मोकळे धागे बघतो आणि ‘नकली आहे’ म्हणून ठेवून देतो. इथे तोच नियम उलटा लागतो. हिमरूत सुती ताण्यावर जादा रेशमी बाण्यानं नक्षी उठवतात आणि जिथे नक्षी नाही तिथे तो रेशमी धागा पाठीमागून मोकळा जातो. या मोकळ्या धाग्यांचा मागे जणू एक मऊ थरच तयार होतो. शाल अंगावर घेतल्यावर ऊब लागते ती त्यामुळे. दौलताबादला तुघलकानं राजधानी हलवली त्या काळाशी, म्हणजे चौदाव्या शतकाशी, या कलेचं नातं सांगितलं जातं. जरीच्या महागड्या किनखापाला पर्याय म्हणून हिमरू पुढे आला.

तेव्हा हिमरूत बघायचं ते असं: मागचे धागे अंगठीत किंवा नखात अडकतील इतके लांब आहेत का (तसे असतील तर शाल लवकर उसवते), समोरून नक्षीच्या कडा सुबक आहेत का, आणि ज्योतीला नक्षीचा रेशमी धागा केसासारखा वास देतो का. वेरूळच्या वाटेवरच्या दुकानांत यंत्रमागाची शालही ‘हिमरू’ म्हणूनच दाखवली जाते. हातमागावर हिमरू विणणारे आता थोडेच उरले आहेत. त्यामुळे ‘माग कुठे आहे, बघता येईल का?’ हा प्रश्न इथे सगळ्यात कामाचा.

घोंगडी

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती पिंजून चरख्यावर सूत काढतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात आणि मागावर विणतात. खळीमुळे नवी घोंगडी ताठ लागते आणि झटकली की बारीक भुकटी पडते. नवीन घोंगडी मऊसूत असेल तर खुशाल शंका घ्या. दख्खनी लोकर जाड असते, थोडी टोचते आणि वापरानं मवाळ होते. पहिल्या कातरणीची, कोकराची लोकर म्हणजे जावळ, ती मात्र मुळातच मऊ. जावळाची घोंगडी महाग असते, कारण एका कोकराकडून लोकर निघते मूठभर.

कशासाठी घेताय ते आधी ठरवा. पावसात खोळ करायची तर घट्ट विणीची आणि जाड घ्या. अंथरायची तर मध्यम. देवाच्या आसनाला लहान चौकोनी तुकडा मिळतो, त्यासाठी पूर्ण घोंगडी घेण्याची गरज नाही.

पारखायची पद्धत सोपी आहे. दोघांनी चार टोकं धरून घोंगडी सूर्यासमोर ताणा. उजेडाचे ठिपके सगळीकडे सारखे आले पाहिजेत. एका पट्ट्यात जास्त उजेड म्हणजे तिथे बाणा सैल ठोकला आहे. तो भाग आधी विरतो. मग दोन्ही टोकांची आणि मधली रुंदी मोजा. मध्ये चार बोटं आत गेली असेल तर ताण सारखा नव्हता आणि धुतल्यावर ती आणखी आकसेल. शेवटी दशा ओढून बघा, गाठी पक्क्या हव्यात.

लोकर खरी की मिसळीची, हे ज्योतच सांगते. लोकर चरचरत जळते, केसाचा वास येतो, आपसूक विझते. ॲक्रिलिक वितळतं. जुन्या कपड्यांच्या लोकरीपासून गिरणीत केलेली ब्लँकेटंही घोंगडीच्या ढिगात मिसळलेली आढळतात. त्यातला एक धागा उलगडून बघा. आत आखूड आणि रंगीबेरंगी तंतू दिसतात: काळ्या धाग्यात निळे, लाल, हिरवे केस. मेंढीच्या लोकरीत फक्त काळा, पांढरा, करडा आणि तपकिरी असतो. काळ्या घोंगडीवर ओला रुमाल जोरात घासा. मूळची काळी लोकर रंग सोडत नाही, रंगवलेली सोडते.

मेंढीचा वास येणारच, आणि पहिल्या पावसाळ्यात जास्त येणार. दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकली की तो बराच जातो.

साठवण्यात लोक चुकतात. चिंचोक्याची खळ म्हणजे किड्यांचं खाद्य. खळ असलेली घोंगडी तशीच पेटीत गेली की कसर लागते आणि दसऱ्याला उघडल्यावर जाळी झालेली असते. म्हणून पहिल्यांदा ठेवण्याआधी थंड पाण्यात रिठा घालून भिजवा, तुडवू नका, पिळू नका, निथळू द्या आणि सावलीत आडवी वाळवा. गरम पाणी कटाक्षानं टाळा. लोकर त्यात आकसून जाड नमद्यासारखी होते आणि परत पूर्ववत होत नाही. पूर्ण वाळल्यावर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. वर्षाला एकदा ऊन दाखवा.

घोंगडी घ्यायला मेंढ्या राखणारे धनगर आणि घोंगडी विणणारे सणगर यांच्या गावी जाणं उत्तम. नाहीतर लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या मोठ्या जत्रा आहेतच. जत्रेत पहिल्या दुकानी घेऊ नका, सगळे ढीग हाताळून परत या.

गोधडी, म्हणजे वाकळ

गोधडीचा हिशेब कापडापासून सुरू होतो. पाच बाय सात फुटांची गोधडी म्हणजे एका थराला पस्तीस चौरस फूट कापड. सहावारी साडी साधारण अठरा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, म्हणजे सदुसष्ट चौरस फूट. एका साडीत जवळजवळ दोन थर होतात. तीन साड्या दिल्या तर पाच-सहा थरांची चांगली गोधडी निघते. नऊवारी असेल तर दोनमध्येही भागतं. वरचा आणि खालचा थर घट्ट सुती कापडाचा ठेवा, आत मऊ जुनं. नायलॉन-जॉर्जेट आत घालू नका. ते आतल्या आत सरकतं आणि गोधडीला गोळे येतात.

टाक्यांचा हिशेब केला की मजुरी कमी करा म्हणवत नाही. रांगा एक इंच अंतरावर घेतल्या तर पाच फुटांत साठ रांगा, प्रत्येक सात फूट: चारशे वीस फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तर वीस हजारांवर टाके. तेही उकिडवं बसून, पाच-सहा थरांतून सुई आरपार काढत.

तयार गोधडी घेताना चिमटीत धरून दोन्ही बोटं उलट दिशांना घासा. आतले थर सरकले तर सुई सगळ्या थरांतून गेलेली नाही. मग पाठ बघा. धावदोरा खालच्या कापडावरही तेवढाच नेटका दिसला पाहिजे. वर टाके छान आणि खाली तुरळक, तर पहिल्याच धुण्यात आतलं कापड एका कोपऱ्यात जमा होईल. रांगा दीड-दोन इंचांवर गेल्या असतील तर किंमत त्या प्रमाणात उतरली पाहिजे. यंत्राच्या शिवणीत रांगा दोरीसारख्या सरळ असतात आणि पाठीवर दुसराच दोरा दिसतो.

माठ

कुंभार मातीत लीद आणि राख मिसळतात. भाजताना लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेर वाऱ्यावर वाळतं आणि आतलं पाणी थंड होतं. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा, म्हणून इथे माठ छान काम करतो. जुलैच्या दमट हवेत तोच माठ पाणी गार करत नाही, त्यात माठाचा दोष नाही.

निवडताना आधी आवाज. माठ एका हाताच्या तळव्यावर तोलून धरा, ओठाला आवळू नका, आणि पोटावर बोटाच्या सांध्यानं टिचकी मारा. एक-दोन-तीन जागी. स्वच्छ, घुमणारा आवाज हवा. कुठे ‘फट्’ असा बसका आवाज आला की चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. नंतर ओलं बोट बुडाला घासा. बोटाला चिखल लागला तर माठ कच्चा भाजलेला आहे. त्यातल्या पाण्याला मातीचा वास महिनाभर जात नाही आणि बूड हळूहळू विरघळतं. उलट फार भाजून दगडासारखा टणक आणि चकचकीत झालेला माठ कमी पाझरतो. काळे डाग असले तरी घाबरू नका, ते धुराचे असतात.

आता बॅटरी लावून आत बघा. थापटून वाढवलेल्या माठाच्या पोटात हाताच्या आणि थापीच्या खुणा दिसतात. साच्यातल्या माठात आत गुळगुळीत आणि मध्ये सांध्याची रेघ असते. सांधा हीच त्याची कच्ची जागा. आणि पांढरे ठिपके शोधा, ज्वारीच्या दाण्याएवढे. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे सर्रास असतात. भट्टीत त्यांचा चुना होतो, पाणी लागलं की तो चुना फुगतो आणि आठ-दहा दिवसांनी तिथली खपली उडते. गिऱ्हाईक म्हणतं माठ आपोआप फुटला. ठिपके पाच-सहाहून जास्त असतील तर दुसरा उचला.

शक्य असेल तर तिथेच पाणी भरून अर्धा तास ठेवायला सांगा. सगळ्या अंगाला सारखा ओलसर रंग चढला तर उत्तम. एकाच जागी थेंब जमला तर तिथे चीर आहे. ऑइलपेंटनं नखशिखान्त रंगवलेला माठ शोभेचा समजा: छिद्रं रंगानं बुजली, मग गारवा कुठून येणार? तोटीचा माठ घ्याल तर तोटीभोवती पांढरं सिमेंट किंवा एम-सील नको, दोन्ही बाजूंनी रबरी वायसर हवा.

घरी आणल्यावर पूर्ण चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा. पहिली दोन-तीन पाणी झाडांना घाला. तिवईवर, वारा लागेल अशा जागी ठेवा, खाली ओली वाळू. आत साबण कधीच नको, मातीत मुरतो आणि पाण्याला वास येतो. नारळाच्या काथ्यानं घासा. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर बाहेरून पांढरी खारवट पापडी धरते. क्षार छिद्रांत बसले की माठ एका हंगामातच थंडावा सोडतो. मग त्यात तुळस लावा आणि नवा आणा.

सूप, दुरडी, रोवळी

बांबूच्या सालीकडची कामटी, म्हणजे चिरून काढलेली पट्टी, चिवट आणि चमकदार, आतल्या गाभ्याची भुसभुशीत. सुपाच्या पाठीवर आणि टोपलीच्या बुडाला सालीची कामटी आहे ना ते बघा. जिथे झीज होते तिथेच गाभा वापरला असेल तर वस्तू वर्षभरही पुरत नाही. टोपली वर्तमानपत्रावर आपटा. पिवळट पीठ पडलं तर भुंगेरा लागला आहे. बांबूतल्या स्टार्चवर तो जगतो. अशी टोपली घरात आणली तर शेजारच्या टोपलीलाही लागण होते.

सूप हातात धरून दोनदा हवेत पाखडून बघा, रिकामंच. वजन पुढच्या ओठाकडे झुकत असेल तर मनगट दुखेल. मग मूठभर बाजरी टाका. गळली तर वीण सैल आहे. नव्या सुपाला भिजवलेल्या कागदाचा लगदा आणि मेथ्यांचं पीठ एकत्र कालवून पातळ लेप द्या, सावलीत वाळवा. बारीक फटी बुजतात आणि सूप जास्त टिकतं.

बंजारा भरतकाम, कवडी, बिदरी

तांड्यावरचं भरतकाम घेताना आरसे हलवून बघा. काठाभोवती टाक्यांनी पूर्ण कवेत घेतलेला आरसा हलत नाही, गोंदानं चिकटवलेला नखानं उचकतो. पाठीला गाठी आणि रंगीत धाग्याची ये-जा हवी. सगळीकडे एकच पांढरा दोरा असेल तर ते यंत्राचं काम. रंग ओल्या रुमालावर तपासल्याशिवाय घेऊ नका, कारण लाल-पिवळं कापड पहिल्या धुण्यात आरशांच्या आसपास डाग सोडतं. जुन्या फेटिया-कांचळीचा (बंजारा घागरा-चोळीचा) कापलेला तुकडा पिशवीला लावलेला असेल तर तसं स्पष्ट विचारून घ्या. तो जुना माल वेगळा आणि मोलाचा, पण कापड विरलेलं असू शकतं.

तुळजापूरच्या कवडीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माळेतल्या खऱ्या कवड्या गालाला लावल्या की थंड लागतात, कोणत्याच दोन सारख्या नसतात. प्लॅस्टिकच्या कवडीला कडेनं साच्याची रेघ दिसते. माळ ओवताना प्रत्येक कवडीनंतर गाठ आहे ना बघा, म्हणजे दोरा तुटला तरी सगळी माळ सांडत नाही.

बिदरी, म्हणजे काळ्या धातूवरचं चांदीचं नक्षीकाम, मूळची बीदरची, पण मराठवाड्यात तिची विक्री होते. जस्त सोळा भाग आणि तांबं एक भाग, असा साधारण मिश्रधातू ओततात, नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर लावून धातू काळा करतात. चांदी पांढरीच राहते. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. तारेवरून नख फिरवा, कुठे अडकता कामा नये. बुडाला काळा रंग पोपडा धरून निघत असेल तर तो पेंट. चिंच-लिंबानं घासू नका, खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसा. खाण्याचे पदार्थ त्यात ठेवू नका.

दर, इसार आणि दुरुस्ती

‘मामा, हे एक करायला किती दिवस लागतात?’ असं विचारा. मावशी, काकू, जे नातं शोभेल ते म्हणा, पण प्रश्न हाच. सांगितलेले दिवस आणि गावात चालू असलेला मजुरीचा रोज यांचा गुणाकार करा, त्यात कापड-बांबू-लोकर-रेशमाचा खर्च मिळवा. सांगितलेली किंमत या आकड्याच्या जवळपास असेल तर घासाघीस थांबवा. आकड्याच्या फारच खाली असेल तर सावध व्हा: एकतर वस्तू यंत्राची आहे, किंवा कोणाची तरी मजुरी बुडते आहे.

सांगून करवून घेताना एका कागदावर माप, रंग, काठ, जर, तारीख लिहा आणि दोघांकडे एकेक प्रत ठेवा. रंगाचं नाव लिहून भागत नाही, ‘राघू’ म्हणजे तुमचा हिरवा आणि विणकराचा हिरवा वेगळा असू शकतो. रंगाचा धागाच कागदाला टाचा. इसार एक तृतीयांशापर्यंत द्या. रेशीम-जरीसारखा माल आधी विकत घ्यावा लागत असेल तर निम्म्यापर्यंत, आणि पावती घ्या. मधेच जाऊन एकदा काम बघा. पैठणीचा काठ वीतभर विणून झाल्यावर चूक सापडली तर उसवता येते, पदर झाल्यावर नाही.

शेवटचा प्रश्न निघताना विचारा: ‘उसवलं तर दुरुस्त करून द्याल का?’ बुरूड सुपाच्या काठाची तार बदलून देतात, घोंगडीच्या सुटलेल्या दशा परत गाठून मिळतात, गोधडी टाकणारी बाई विरलेला वरचा थर बदलून नव्यानं टाके घालते, पैठणीच्या पदराला रफू होतो. मात्र भोक रुपयाएवढं असताना न्या. हाताएवढं झाल्यावर कोणीच हात लावत नाही.